आयदर ऑर सर्व्हायव्हर

पुण्याच्या पेठांमधल्या कुठल्याही जुन्या करसल्लागाराच्या ऑफिसात जा, जिन्याखालच्या खोलीत एक काळा डबा सापडतोच. बिलावर तो साधा डेस्कटॉप असतो; ऑफिसात त्याला ‘सर्व्हर’ म्हणतात, कारण टॅली त्याच्यात असते. पुढच्या बाजूला खंडेनवमीचं कुंकू, त्याशेजारी सेलोटेपनं डकवलेली ‘स्विच बंद करू नये’ ही चिठ्ठी आणि डोक्यावर मागल्या दोन आर्थिक वर्षांची व्हाउचरं. व्हाउचरांमुळे पंख्याची हवा कोंडते, हे दर उन्हाळ्यात लक्षात येतं. मग व्हाउचरं तशीच ठेवून समोर टेबलफॅन लावला जातो.

या डब्याच्या पोटात दोन हार्डडिस्क असतात. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, एकाच बिलावर घेतलेल्या. एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच वेळी दुसरीवरही उमटतं. बसवून देणारा जाता जाता म्हणालेला असतो, “सर, आता टेन्शन नाही. एक उडाली तरी दुसरी आहे.” त्यानंतर ऑफिसात बॅकअपचा विषय पुन्हा निघत नाही.

या रचनेला रेड-वन म्हणतात आणि ज्याचं बँकेत खातं आहे त्याला ती समजावून सांगावी लागत नाही. हे ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं जोडखातं आहे. दोघांपैकी कोणीही व्यवहार करावा, आणि एकाचं काही बरंवाईट झालं तर दुसऱ्यानं खातं पुढे चालवावं. लोकांच्या डोक्यात त्यातला ‘सर्व्हायव्हर’ पक्का बसतो. ‘आयदर’ मात्र तेव्हा कळतो, जेव्हा एकाच सहीनं दोघांचीही शिल्लक शून्य होते. आर्टिकलशिपच्या पोरानं जागा करायची म्हणून ‘जुनं’ नावाचं फोल्डर उडवलं, तर दुसरी डिस्कही ते तितक्याच तत्परतेनं उडवते. व्हायरस आला तर दोन्हीकडे येतो. फाइल बिघडली तर बिघडलेलीच प्रत दोन्हीकडे अत्यंत काटेकोरपणे जपली जाते.

जोडीची ही कल्पना मुळात बँकांच्याच दारी वाढली. अमेरिकेतल्या टँडम कंपनीचे ‘नॉनस्टॉप’ संगणक १९७६ मध्ये बाजारात आले. त्यांच्यात डिस्क जोडीनं नांदत होत्या आणि पहिलं गिऱ्हाईक होतं सिटीबँक. पुढे १९८८ साली बर्कलीच्या विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक गाजलेला निबंध मांडला. एका धिप्पाड, महागड्या डिस्कऐवजी पीसीत बसणाऱ्या स्वस्त डिस्कांचा ताफा वापरावा, असं त्यांचं म्हणणं. त्यातला धोकाही त्यांनी लगेच मोजून दाखवला : एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर शंभरांच्या ताफ्यातली पहिली ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच राम म्हणणार. त्यावर उपाय म्हणून त्यांनी पाच पातळ्या सुचवल्या. पहिली जोडीची; आणि तीच सगळ्यांत खर्चिक, कारण प्रत्येक डिस्क दुप्पट घ्यावी लागते, हेही त्यांनी लिहून ठेवलं. पेठेतल्या ऑफिसानं पाचांतली नेमकी खर्चिक पातळी निवडावी, याचं आश्चर्य वाटेल. पण तेव्हा दिवाळीची ऑफर चालू होती.

एकाच बिलावर जोडी घेण्यातही एक मेख आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइज या कंपनीनं ग्राहकांना एक तातडीची सूचना पाठवली. तिच्या ठरावीक मॉडेलांच्या एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडणार होत्या. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. आतला डेटाही परत मिळणार नव्हता. एवढं नेमकं भविष्य अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या एकाही पंचांगात नाही. एकत्र बसवलेल्या डिस्क जवळपास एकत्रच जातील, असंही कंपनीनं बजावलं होतं आणि तोडगा म्हणून नवं फर्मवेअर दिलं होतं. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही मॉडेलांसाठी तशीच सूचना निघाली. या खेपेला आकडा होता ४०,००० तासांचा. खात्यावरचे दोघेही एकाच तासाला गेले तर सर्व्हायव्हर कोणाला म्हणायचं, याचं उत्तर बँकेच्या फॉर्मवरही नसतं.

प्रतींच्या भरवशावर राहणारे काही फक्त पेठेतच असतात असं नाही. जगभरचे प्रोग्रॅमर ज्या गिटलॅबवर आपला कोड ठेवतात, तिथे ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री मुख्य डेटाबेस आणि त्याची दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत यांच्यातला मेळ तुटला. दमलेल्या इंजिनिअरनं प्रत नव्यानं बनवायची म्हणून प्रतीच्या सर्व्हरवरचं फोल्डर उडवायला घेतलं. एकदोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की आपण मुख्य सर्व्हरवर बसलो आहोत. तेवढ्यात सुमारे ३०० जीबीतला साडेचार जीबी उरला होता. मग बॅकअप शोधायला सुरुवात झाली. बॅकअपच्या आणि प्रतींच्या मिळून पाच व्यवस्था होत्या; पाचातली एकही धड चालत नव्हती. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम आवृत्ती जुळत नसल्यामुळे रोज नापास होत होता. त्याच्या तक्रारीच्या ईमेल निघत होत्या, पण त्यांच्यावर योग्य ती डिजिटल सही नसल्यामुळे पलीकडचा मेल सर्व्हर त्या परत पाठवत होता. शेवटी त्याच इंजिनिअरनं सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी सहज घेऊन ठेवलेली एक प्रत हाती लागली, म्हणून निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. कंपनीनं ही सगळी दुरुस्ती यूट्यूबवर जगाला थेट दाखवली. आपल्याकडे अशा वेळी ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असा बोर्ड लागतो.

पेठेतला डबा एवढ्या थराला जात नाही. तो फक्त हळू होत जातो. सकाळी बटण दाबायचं आणि चहा सांगायचा. चहा येतो, संपतो, पोऱ्या रिकामे कप घेऊन जातो, तेव्हा कुठे विंडोजचा डेस्कटॉप दिसतो. यात विंडोजइतकाच दोष फिरत्या तबकडीचा. ती मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारते, तरी हवा तो तुकडा सुईखाली यायला सरासरी चार मिलिसेकंद थांबावं लागतं, सुई सरकायचा वेळ वेगळाच. इकडचे तिकडचे तुकडे गोळा करायचे म्हटलं तर सेकंदाला शंभर-दीडशेच्या वर जात नाही. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे तोच आकडा हजारोंत जातो. शिवाय जोडीत लिहिताना दोघींचं लिहून होईपर्यंत थांबायचं, म्हणजे चाल नेहमी सावकाश डिस्कची.

“सर, एसएसडी टाकून घ्या,” हे हार्डवेअरवाल्या पोरानं तीन मार्च महिने सांगून झाल्यावर चौथ्या वर्षी साहेबांनी होकार दिला. बेत सरळ होता. विंडोज आणि प्रोग्रॅम नव्या एसएसडीवर न्यायचे आणि जोडी मोडायची. सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे नव्या डिस्कवर कोरी विंडोज मारायची, टॅली टाकायची आणि डेटा उचलून ठेवायचा. पोरानं तो सुचवलाही.

“नको,” साहेब म्हणाले. “आहे तस्सं पाहिजे. माझे आयकॉन जागचे हलता कामा नयेत.”

मराठी माणसाच्या डेस्कटॉपवर पंचाऐंशी आयकॉन असतात, त्यांतले तो सहा वापरतो आणि त्या सहांच्या जागा त्याला डोळे मिटून सांगता येतात. हा हट्ट म्हणजेच तांत्रिक भाषेत ‘क्लोनिंग’. ते शनिवारी संध्याकाळी करतात, म्हणजे बिघडलं तर निस्तरायला रविवार हाताशी असतो.

“सर, बॅकअप आहे ना?” पोरानं स्क्रू काढता काढता विचारलं.

“अरे, दोन दोन डिस्क आहेत की!”

पोरगं एक क्षण थांबलं. मग काही न बोलता त्यानं सॅकमधून स्वतःची एक्स्टर्नल डिस्क काढली, तिच्यावर टॅलीचं फोल्डर ओढलं आणि ‘चहा घेऊ तोवर’ म्हणालं. त्या संध्याकाळचं खरं कौशल्याचं काम तेवढंच होतं. त्याचे पैसे बिलात लागले नाहीत.

पहिली अडचण मापाची. जुन्या डिस्क ५०० जीबीच्या, नवी एसएसडी ४८० ची. आत सामान होतं जेमतेम १४० जीबी. पण आख्खी डिस्क जशीच्या तशी उचलायची म्हटलं की क्लोनचा प्रोग्रॅम सामान मोजत नाही, खोली मोजतो आणि वीस जीबीसाठी नाही म्हणतो. त्यात साहेबांनी आपलं जुनं दुखणं काढलं. ५०० च्या डिस्कवर विंडोज पहिल्यापासून ४६५ च दाखवत होती. उरलेली ३५ जीबी दुकानदारानं खाल्ली, हे त्यांचं पक्कं मत. प्रत्यक्षात कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत, आणि ५०० अब्ज बाइट दोघांकडेही तेवढेच असतात. पोरानं हे सांगून बघितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. ज्या चेहऱ्यानं ते अशिलाचं रोखीच्या खर्चाचं स्पष्टीकरण ऐकून घेतात, त्याच चेहऱ्यानं.

मग सी ड्राइव्ह आखडायचा. विंडोजमध्ये त्याची सोय आहे, पण ती ठरावीक मर्यादेपलीकडे आखडू देत नाही, कारण डिस्कच्या मधोमध काही फाइली फतकल मारून बसलेल्या असतात आणि त्या चालू मशीनवर हलत नाहीत. पेजफाइल त्यांतली एक. ती बंद करा, हायबरनेशन बंद करा, रीस्टार्ट मारा, परत आखडा. या कवायतीनंतर क्लोन सुरू झाला आणि स्क्रीनवर शिल्लक वेळ दिसू लागला. आधी ४० मिनिटं, मग ३ तास, मग २ मिनिटं, मग परत ४० मिनिटं.

क्लोन झाला. सगळे उठून उभे राहिले. मशीन रीस्टार्ट केलं आणि डेस्कटॉप आला. पंचाऐंशीच्या पंचाऐंशी आयकॉन जागच्या जागी. साहेबांनी समोरच्या दुकानातून पेढे आणायला सांगितले. पोरगं मात्र कपाळाला आठ्या घालून बसलं होतं, कारण डेस्कटॉप यायला जुन्याइतकाच वेळ लागला होता.

मशीन जुन्या जोडीवरूनच उठलं होतं.

या कामात हा घोटाळा नेहमीचा. जुनं आणि नवं दोन्ही एकाच डब्यात आहे, दोन्हीकडे तीच विंडोज आहे, तेच वॉलपेपर आहे आणि कोणावरून उठायचं ते बायोसमधला क्रम ठरवतो. त्यातून क्लोन हुबेहूब असला तर डिस्कची ओळख सांगणारा क्रमांकही हुबेहूब तोच येतो. विंडोजला एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क दिसल्या की ती एकीला गपचूप ऑफलाइन टाकते. बरेच लोक इथेच खूश होऊन जुनी डिस्क फॉरमॅट करतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू करतात. म्हणून जाणता माणूस पुसण्याआधी जुन्या डिस्कच्या केबली काढून ठेवतो आणि मग बटण दाबतो.

“चालू असलेली वायर कशाला काढतोस बाबा?” साहेबांनी विचारलं.

पोरानं काढली. स्क्रीन काळी झाली आणि बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही, असं इंग्रजीत उमटलं. कारण नव्या डिस्कवर सी ड्राइव्ह आला होता, पण मशीनला जागं करणारा लोडर सी ड्राइव्हमध्ये राहत नाही. त्याचा सुमारे १०० एमबीचा वेगळा छुपा विभाग असतो, तो जुन्या डिस्कवरच राहून गेला होता. पेनड्राइव्हवरून विंडोजची दुरुस्ती उघडून, काळ्या खिडकीत बीसीडीबूटची ओळ मारून तो नव्या डिस्कवर बनवावा लागला. समोरच्या दुकानातले पेढे तोवर टेबलावर येऊन पडले होते. त्यांना हात लावायचा की नाही, हे कोणाला ठरवता येईना.

पुढे बायोस. जोडी मोडली, मग मदरबोर्डला ‘रेड’ कशाला, म्हणून पोरानं ते बदलून ‘एएचसीआय’ केलं. लगेच निळा पडदा आला, त्यावर तो रडका चेहरा आणि खाली ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’. विंडोज सुरू होताना सगळे ड्रायव्हर उठवत नाही. मागच्या खेपेला जो लागला होता तेवढाच उठवते. जोडीसाठी एक ड्रायव्हर, एकट्या डिस्कसाठी दुसरा. दुसरा ड्रायव्हर त्याच डिस्कवर शांत पडून असतो, पण उठवल्याशिवाय तो कामाला लागत नाही आणि तो कामाला लागल्याशिवाय विंडोजला डिस्क दिसत नाही. खातेदारानं जोडखातं एकट्याच्या नावावर करायला जावं आणि काउंटरवरच्या बाईंनी म्हणावं, ‘दोघांनाही घेऊन या.’ यातून सुटका साधी आहे. बायोस पुन्हा ‘रेड’ करायचं, विंडोजला पुढच्या खेपेला सेफ मोडमध्ये उठ म्हणून बजावायचं आणि मग बायोस बदलायचं. सेफ मोडमध्ये ती सगळे प्राथमिक ड्रायव्हर आठवणीनं उठवते, एएचसीआयवालाही त्यांत येतो, आणि त्यानंतर नेहमीच्या पद्धतीनंही सुरू होते. हा तोडगा पोराला मोबाइलवर सापडला, तेव्हा साहेबांच्या घरून ‘जेवायला थांबू का?’ असा फोन येऊन गेला होता.

लिनक्सवाले अशा वेळी मिशीत हसतात. पण त्यांचे भोग वेगळे. ते क्लोन करत नाहीत, फाइली उचलतात. आणि नवखा माणूस उचलताना सगळंच उचलायला जातो. लिनक्सच्या प्रॉक फोल्डरात केकोर नावाची फाइल असते. ६४ बिटांच्या नेहमीच्या पीसीवर तिचा आकार १२८ टेराबाइट दिसतो. ती डिस्कवर नसतेच. मेमरीकडे बघायची ती नुसती खिडकी. पण फाइली उचलणाऱ्या आरसिंक या प्रोग्रॅमला ते फोल्डर वगळायला सांगितलं नाही, तर ४८० जीबीच्या डिस्कवर खिडकी उचलून आणायचा कार्यक्रम सुरू होतो. ते जमलं की एफएसटॅब या फाइलीत जुन्या डिस्कचा लांबलचक ओळखक्रमांक तसाच राहतो आणि नवी प्रणाली जागी होऊन आधी जुन्या डिस्कची चौकशी करते.

त्यांच्यातले मुरलेले मात्र हलवाहलव करतच नाहीत. ते नव्या डिस्कला जोडीत तिसरी म्हणून घेतात, सगळं तिच्यावर आपोआप उतरू देतात, मग जुन्या दोघींना एकेक करून ‘निकामी’ जाहीर करून बाहेर काढतात. शेवटी खातेदारांची संख्या एक करा म्हणून सांगावं लागतं. एमडीएडीएम हा प्रोग्रॅम त्याला आधी नकार देतो. एका डिस्कची जोडी कशी, ही त्याची रास्त शंका असते. पण ‘फोर्स’ म्हटलं की मुकाट्यानं करून देतो, आणि पुढे वर्षानुवर्षं एकटी डिस्क कागदोपत्री जोडीनं नांदते. लोडर बसवायचं काम मात्र तिथेही उरतंच.

पेठेत अखेर विंडोज एकट्या एसएसडीवरून उठली. चहा सांगायलाही वेळ मिळाला नाही. साहेबांनी कौतुकानं टॅलीवर डबल क्लिक केलं. टॅली पापणी लवायच्या आत उघडली आणि तिच्यात एकही कंपनी नव्हती. डेटा डी ड्राइव्हवर होता आणि या धामधुमीत विंडोजनं डी हे अक्षर डीव्हीडी ड्राइव्हला देऊन टाकलं होतं. पोरानं अक्षरं अदलाबदल करेपर्यंतचा दीड मिनिट साहेब खुर्चीत बसले नाहीत, उभेच होते. मग सगळी अशिलं परत आली. पेढे वाटले गेले.

उरल्या त्या दोन जुन्या डिस्क. “पूर्ण पुसून घ्या सर, दोनेक तास लागतील एकेकीला,” पोरगं म्हणालं. “नुसत्या क्विक फॉरमॅटनं आतलं जात नाही, फक्त अनुक्रमणिका जाते.” त्याचं म्हणणं पुराव्यानिशी खरं आहे. एमआयटीतल्या सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलत यांनी बाजारातून १५८ वापरलेल्या डिस्क विकत घेतल्या आणि २००३ साली त्यांचा जमाखर्च छापला. १२९ चालू निघाल्या, त्यांतल्या नीट पुसलेल्या फक्त १२. बाकीच्यांमध्ये पाच हजारांवर क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते, वैद्यकीय नोंदी होत्या, खासगी पत्रं होती. एक डिस्क तर इलिनॉयमधल्या एका एटीएममधून निघालेली दिसत होती, वर्षभराच्या व्यवहारांसकट.

साहेबांना दोन तासांची सवड ३१ जुलैपर्यंत नव्हती आणि ३१ जुलैनंतर आठवण नव्हती. दिवाळीच्या साफसफाईत व्हाउचरांखालून डिस्क निघाल्या, तेव्हा दारात भंगारवाला उभाच होता. त्यानं दोन्ही काट्यावर टाकल्या. किलोभर भरल्या.

“साहेब, यात काय आहे?”

“काही नाही रे,” साहेब म्हणाले. “रिकाम्या आहेत.”